बोटीचा पंखा (प्रोपेलर) अॅल्युमिनियमचा की स्टीलचा? आधी खराब झालेलं पातं नीट पाहा

नमस्कार. तुमच्या प्रश्नावरून मला जे समजलं ते असं: मालवणजवळच्या देवबागहून डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंडच्या फेऱ्या करणारी २२ फुटी फायबरची बोट, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, त्यावर ११ १/८ × १३ मापाचा (इंचांत व्यास × पिच) अॅल्युमिनियमचा पंखा. या सीझनमध्ये असे दोन पंखे गेले. दुकानदार सांगतो, एकदाच स्टेनलेस स्टीलचा घ्या, कटकट मिटेल आणि स्पीडही वाढेल. मोठा भाऊ सांगतो, स्टीलचा लावलास तर गिअर फुटेल. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की माणसं भरली की बोट पूर्वीसारखी उचलत नाही.

मला त्या शेवटच्या वाक्याचीच जास्त काळजी वाटते. पंखा कुठल्या धातूचा घ्यायचा हे ठरवण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, हे दोन पंखे नेमके कशाने गेले. दोन, पूर्ण माणसं घेऊन पूर्ण मूठ (थ्रॉटल) फिरवली की इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं. ही दोन उत्तरं हातात आली की धातूचा निर्णय बहुतेक आपोआप होतो. ती न शोधता तिप्पट-चौपट किमतीचा स्टीलचा पंखा घेतलात तर पैसे जातील आणि बोट तरीही उचलणार नाही.

जुने पंखे अजून भंगारात दिले नसतील तर देऊ नका. दोन्ही काढा, धुवा आणि उजेडात धरून पाती पाहा. मी आउटबोर्डचं काम करतो, आणि बोटवाल्याच्या तोंडून काय झालं ते ऐकण्याआधी पंखा हातात घेतो. बोट कुठून आणि कशी चालते हे पात्यावर उमटलेलं असतं.

तिन्ही पात्यांच्या पुढच्या कडा सारख्या पातळ झाल्या असतील, रंग उडून खालचा धातू चकचकीत दिसत असेल आणि टोकं गोलसर झाली असतील, तर ते काम रेतीचं आहे. कर्ली नदीच्या मुखाशी आणि त्सुनामी आयलंडच्या भोवती सुकतीला (ओहोटीला) जे पाणी उरतं ते पाणी कमी आणि वाळू जास्त. पंखा ती वाळू ढवळतो आणि ती पात्यांना सतत घासत राहते. एका दिवसात काही दिसत नाही. महिन्याभराने मात्र पंख्याचा व्यास कमी झालेला असतो. मोजायला सोपं आहे: बोसच्या (पंख्याच्या मधल्या गोल भागाच्या) मधोमधपासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. छापलेल्या मापापेक्षा अर्धा इंच कमी भरलं तर तो पंखा आता वेगळाच पंखा आहे. अशा पंख्यावर इंजिन फेरे जास्त घेतं, आवाज वाढतो, पेट्रोल जातं आणि बोट मात्र हळू चालते. लोकांना वाटतं इंजिन उतरलं. मग कार्बोरेटर उघडतात, प्लग बदलतात, आणि खरा दोषी पाण्याखाली तसाच फिरत राहतो.

एकाच पात्याचं टोक मागे दुमडलं असेल किंवा तुकडाच उडाला असेल, तर बोट वेगात असताना काहीतरी कठीण लागलंय. खडक, बुडालेलं लाकूड, जुन्या खुंटाचं टोक. मालवणच्या बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, इकडे भोगवे आणि निवतीच्या अंगाला पाण्याखाली राहणारे खडक, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असतील. असा पंखा आला की मी पंख्याआधी शाफ्ट, म्हणजे पंखा ज्यावर बसतो तो दांडा, तपासतो. तुम्हीही तपासा. इंजिन बंद, सेफ्टीची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी काढलेली, प्लगच्या वायरी काढलेल्या, गिअर न्यूट्रलला. पंखा काढून शाफ्टच्या टोकाजवळ एक तार अशी बांधा की तिचं टोक शाफ्टला जेमतेम लागेल न लागेल. मग शाफ्ट हाताने हळू फिरवा. तार आणि शाफ्ट यांच्यातली फट कमीजास्त होत असेल तर शाफ्ट वाकलाय, आणि त्यावर कितीही चांगला पंखा चढवला तरी ऑइल सील (गिअरमध्ये पाणी शिरू न देणारं कडं) टिकणार नाही.

पात्याच्या पाठीवर, पुढच्या कडेच्या मागे, बारीक खड्ड्यांचा पट्टा दिसला तर गोष्ट वेगळी आहे. कडेला पडलेल्या लहानशा खाचेमुळे तिथे पाण्याचा दाब एकदम पडतो, पाण्याच्या वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जाऊन फुटतात. त्या फुटण्याच्या माराने धातू खाल्ला जातो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. वळणावर पंखा वरची हवा ओढतो आणि इंजिन एकदम किंचाळतं, त्यालाही आपल्याकडे सगळे कॅव्हिटेशनच म्हणतात, पण तो प्रकार वेगळा. तिथे इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) जास्त वर बसवलंय का, किंवा ट्रिम (इंजिनचा तिरकेपणा) जास्त बाहेर आहे का, ते आधी पाहायचं.

आणि रंगाखाली फुगे, फोडले की पांढरी पावडर, असं असेल तर ती खाऱ्या पाण्याची करणी आहे. त्याबद्दल खाली लिहितो, कारण स्टीलच्या पंख्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

आता फेऱ्यांकडे येऊ. तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेत पूर्ण मुठीला फेरे किती असावेत याची एक पट्टी दिलेली असते. या वर्गातल्या टू-स्ट्रोकना ती बहुधा मिनिटाला ४५०० ते ५५०० असते, फोर-स्ट्रोकना ५००० ते ६०००. तुमच्या मॉडेलची नेमकी पट्टी पुस्तिकेतूनच घ्या. टिलरच्या (मुठीने चालवायच्या) इंजिनांना बहुधा टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) नसतो, पण प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारा छोटा टॅकोमीटर मिळतो आणि तो पंख्याच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे. तो न घेता पंखा निवडणं म्हणजे माप न घेता सदरा शिवायला टाकणं.

रोज जितकी माणसं नेता तितकी बसवा, परवान्यात आहेत त्यापेक्षा एकही जास्त नाही, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल ठेवा, आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण मूठ देऊन फेरे वाचा. मोबाइलच्या जीपीएसवर वेग घ्या. एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध घेऊन सरासरी काढा, नाहीतर ओहोटीचा ओढ तुमच्या आकड्यात मिसळेल.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात सैद्धांतिक किती इंच पुढे सरकेल ते. १३ पिच म्हणजे १३ इंच. पाणी घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहून कमी सरकतो आणि ती तूट म्हणजे स्लिप. हिशेब करून दाखवतो. समजा फेरे ४४०० आले आणि इंजिनचं गिअर गुणोत्तर २ आहे. मग पंखा मिनिटाला २२०० फेरे घेतो. २२०० गुणिले १३ म्हणजे २८,६०० इंच प्रति मिनिट. तासाचे १७,१६,००० इंच. एका सागरी मैलात साधारण ७२,९१३ इंच असतात, म्हणजे हिशेबाने वेग यायला हवा सुमारे २३.५ नॉट (तासाला सागरी मैल). जीपीएस जर १५ दाखवत असेल तर स्लिप ३६ टक्के झाली. हलक्या, वेगवान बोटीला १० ते २० टक्के स्लिप चांगली मानतात. माणसं भरलेल्या जड बोटीला त्याहून थोडी जास्त मी समजू शकतो. पण ३६ म्हणजे पंखा पाणी ढकलण्याऐवजी घुसळतोय, आणि ४४०० म्हणजे इंजिन पट्टीच्या खालच्या टोकापर्यंतही पोचलेलं नाही.

तुमच्या बोटीवर असेच आकडे येतील असं मी खात्रीने म्हणत नाही, पण "माणसं भरली की उचलत नाही" हे लक्षण याच दिशेचं आहे. १३ पिच एकटा माणूस आणि जाळी घेऊन जाणाऱ्या हलक्या होडीला ठीक. दहा माणसांना ती जड जाते. पिच एक इंचाने कमी केली की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. म्हणून ४४०० वर अडकलेल्या इंजिनला मी ११ पिच लावून बघेन, आणि तरीही पट्टीच्या वरच्या अर्ध्यात पोचलं नाही तर १०. कमी पिचच्या पंख्याचा व्यास सहसा थोडा मोठा येतो. भरलेल्या बोटीला तेच हवं असतं, जास्त पाणी धरणारी रुंद पाती. रिकाम्या बोटीचा कमाल वेग थोडा घटेल, पण भरलेल्या बोटीचा बऱ्याचदा वाढतो. तुमचा धंदा भरलेल्या बोटीवर आहे, म्हणून मापही तिचंच.

ही गोष्ट मी इतकी लावून धरतोय त्याला कारण आहे. पिच जास्त असलेल्या पंख्याखाली इंजिन रोज दबून चालतं. पूर्ण मूठ दिलेली, फेरे मात्र कमी. टू-स्ट्रोकमध्ये त्याने कार्बन धरतो, पिस्टनवर उष्णता चढते आणि रिंगा अडकतात. दोन सीझनमध्ये इंजिन उघडावं लागतं आणि दोष ऑइलवर किंवा पेट्रोलवर जातो. जे मच्छीमार इंजिन रॉकेलवर चालवतात त्यांनी हे आणखी जपायला हवं, कारण रॉकेलवर तेच इंजिन पेट्रोलइतकी ताकद देत नाही आणि पिच त्याच हिशेबाने कमी लागते.

आता धातू. स्टील अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट कडक आहे, म्हणजे तेवढ्याच जाडीचं पातं तेवढ्याच जोराखाली एक तृतीयांशच वाकतं. मजबुतीचा फरक त्याहूनही मोठा. त्यामुळे स्टीलची पाती पातळ घडवता येतात, आणि पातळ पातं पाणी कमी ओढाताणीने कापतं. अॅल्युमिनियमचं पातं पूर्ण जोरात किंचित उघडतं, म्हणजे त्याची पिच चालताना थोडी बदलते. स्टीलचं आकार धरून राहतं. बहुतेक स्टीलच्या पंख्यांच्या मागच्या कडेला छोटी वळवणी असते, तिला कप म्हणतात. तिच्यामुळे पंखा पाणी घट्ट धरतो आणि वळणावर हवा कमी ओढतो. म्हणून दुकानदार खोटं सांगत नाही. ११५ किंवा १५० एचपीचं इंजिन, ३०-३५ नॉटचा वेग, खोल पाणी, अशा बोटीवर स्टीलचा पंखा लावला की फरक पहिल्याच फेरीत कळतो.

पण तुमची बोट १५ ते २० नॉटच्या टापूत चालते. माझ्या पाहण्यात २५ नॉटच्या खाली, ४० एचपीवर, योग्य मापाचा अॅल्युमिनियम आणि योग्य मापाचा स्टील यांच्यात वेगाचा जो फरक पडतो तो एक माणूस कमीजास्त बसला तरी झाकला जातो. वर स्टीलच्या कपमुळे पंखा छापलेल्या पिचपेक्षा जवळजवळ एक इंच जड चालतो. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला १३ च्या जागी १३ चाच स्टीलचा दिला, तर आधीच दबलेलं इंजिन आणखी दबेल. स्टीलचा घेणाऱ्या लोकांचा सगळ्यात जास्त अपेक्षाभंग मी इथेच पाहिलाय.

भावाच्या म्हणण्याकडे येतो. गिअर फुटतो असं सरसकट म्हणणं बरोबर नाही, पण त्यांची भीती चुकीच्या जागेवरून आलेली नाही. पंख्याच्या मधोमध, बाहेरचा बोस आणि आतली दाते असलेली नळी यांच्यामध्ये दाबून बसवलेलं रबर असतं. पातं अडकलं की ते रबर सरकतं आणि धक्का गिअरपर्यंत पूर्ण पोचू देत नाही. हे रबर अॅल्युमिनियमच्या पंख्यातही असतं आणि स्टीलच्या पंख्यातही. काही कंपन्या रबराच्या जागी बदलता येणारी प्लास्टिकची नळी देतात, काम तेच. म्हणजे फिरण्याच्या दिशेने आलेला धक्का दोन्हीकडे बऱ्यापैकी अडतो.

फरक पडतो तो आडव्या धक्क्यात. पातं खडकावर आदळलं की शाफ्टला बाजूनेही मार बसतो, आणि त्या दिशेला रबराचा फार उपयोग नाही. अॅल्युमिनियमचं पातं त्यावेळी दुमडतं किंवा तुटतं आणि तुटताना बराचसा मार स्वतःत जिरवतं. स्टीलचं पातं दुमडत नाही, म्हणून मार पुढे जातो आणि शाफ्ट वाकतो. शाफ्ट वाकला की सील गळतं, गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं, ऑइल दुधासारखं होतं आणि मग बेअरिंग आणि गिअर. भाऊ म्हणतात तो फुटलेला गिअर असा शेवटी येतो, पहिल्या धडकेत नव्हे. शिवाय स्टीलचा पंखा जड असतो. न्यूट्रलमधून गिअर टाकताना तेवढं वजन एकदम फिरवायचं म्हणजे क्लचच्या दात्यांवर जास्त ठोका बसतो. फेरीबोटीला दिवसभर धक्क्याला लागायचं, निघायचं, डॉल्फिन दिसला की थांबायचं, परत निघायचं. गिअर किती वेळा टाकला जातो याचा विचार करा. मोठ्या इंजिनांसाठी हा ठोका कमी करणारे खास हब कंपन्यांनी काढले आहेत, म्हणजे ही अडचण त्यांनाही मान्य आहे.

इथे मला हिशेब पंख्याच्या किमतीचा वाटत नाही, बंद दिवसांचा वाटतो. अॅल्युमिनियमचा पंखा गेला तर बोटीतला दुसरा चढवून तुम्ही त्याच दिवशी पुढची फेरी कराल. शाफ्ट वाकला तर अख्खं खालचं युनिट उघडायचं, पार्ट मागवायचा, थांबायचं. नाताळच्या आठवड्यात चार दिवस बोट रेतीवर बसली तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मेअखेर पावसाळ्यासाठी सगळं बंद होईपर्यंत जे काही कमवायचं ते याच महिन्यांत.

दुरुस्तीचंही असंच. अॅल्युमिनियमचं दुमडलेलं टोक लाकडी ठोकळ्यावर हळूहळू सरळ करता येतं, तुटलेला कोपरा आर्गन वेल्डिंगने भरून घासता येतो. हे काम आपल्या किनाऱ्यावर होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने मूळ मजबुती कमी होते हे मात्र लक्षात ठेवा, म्हणून असा पंखा मी सुटा म्हणून ठेवतो, रोजच्या वापराला नाही. स्टीलचं पातं बिघडलं तर ते पिचच्या साच्यावर बसवून परत मूळ आकारात आणावं लागतं आणि मग वजन समतोल करावं लागतं. हे कारागीर मोठ्या बंदरांजवळ, मोजकेच. अंदाजाने ठोकून सरळ केलेला स्टीलचा पंखा थरथरतो आणि ती थरथर पुन्हा सीलवरच जाते.

गंजाबद्दल. "स्टील गंजत नाही म्हणून खाऱ्या पाण्यात बरं" असं तुम्हीही ऐकलं असेल. स्टेनलेस स्वतः बऱ्यापैकी टिकतं, पण तुमच्या इंजिनचं खालचं कवच अॅल्युमिनियमचं आहे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की वीजघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. पंखा छान राहतो, गिअरचं कवच खाल्लं जातं. ते वाचवायलाच कंपनी कवचावर झिंक लावून देते. ते स्वतः झिजून कवच वाचवतं. स्टीलचा पंखा लावला की झिंकवरचा भार वाढतो, म्हणून ते जास्त वेळा पाहावं लागतं. अर्धं झिजलं की बदलायचं. त्यावर रंग कधीही मारायचा नाही, मी असे रंगवलेले झिंक नेहमी पाहतो आणि ते पूर्ण निकामी असतात. बोट नांगरावर असताना इंजिन वर उचलून ठेवा. आणि उलट बाजूही सांगतो: स्टेनलेसला पाण्यातल्या हवेची गरज असते. महिनोन् महिने पाण्यात पडून त्यावर कवचं धरली, तर त्या कवचांखाली हवा पोचत नाही आणि तिथे स्टेनलेसलाही टाचणीसारखी भोकं पडतात.

एवढं सगळं सांगून मी स्टीलच्या विरुद्ध आहे असं समजू नका. तुमचे दोन्ही पंखे निव्वळ रेतीने झिजले असतील, एकाही पात्यावर ठोक्याची खूण नसेल, तर माझं उत्तर थोडं बदलतं. वाळूच्या घासण्याला स्टील अॅल्युमिनियमपेक्षा खूपच जास्त टिकतं. जो बोटवाला फक्त खाडीत, फक्त रेतीवर चालतो आणि खडकाकडे जातच नाही, त्याला स्टीलचा पंखा खर्च भरून देऊ शकतो. पण त्यालाही मी आधी विचारेन की सुकतीला तिथून जाणं टाळता येईल का. उधाणाच्या दिवसांत ओहोटी फार खाली जाते, त्या दोन-तीन तासांची फेरी पुढे ढकलली तर पंखाही वाचतो आणि इंजिनच्या पंपात जाणारी वाळूही वाचते. तो पाण्याचा पंप झिजला की इंजिन तापतं, आणि त्याला स्टीलचा पंखा वाचवू शकत नाही. दर पावसाळ्यानंतर कर्लीच्या मुखाशी भाट (रेतीचा उंचवटा) सरकलेली असते. सीझन सुरू होताना पूर्ण ओहोटीला एकदा हळू जाऊन वाट पाहून घेणं हा मला कुठल्याही धातूपेक्षा स्वस्त उपाय वाटतो.

मुंबई बंदरात किंवा मांडव्याच्या बाजूला मोठी इंजिनं लावून वेगात चालणाऱ्या बोटींना मी स्टील सुचवतो. तिथे खोल पाणी आहे, वेग आहे, आणि अडथळा असतो तो प्लास्टिक, दोर आणि तरंगत्या लाकडांचा. उलट कोयनेच्या शिवसागरात, तापोळ्याच्या बाजूला, पाणी गोडं असल्यामुळे गंजाचा प्रश्न मागे पडतो, पण पाणी उतरलं की बुडालेले बुंधे वर येतात. शिवाय जागा समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर असल्यामुळे इंजिनची ताकद थोडी घटते. तिथे मी अॅल्युमिनियमच, आणि किनाऱ्यापेक्षा एक पिच कमी, असं सांगेन. एकाच प्रश्नाला तीन जागी तीन उत्तरं येतात ती अशी.

तेव्हा तुमच्यापुरतं थोडक्यात: देवबाग-भोगव्याचा मार्ग, रेती आणि खडक दोन्ही, ४० एचपी, भरलेली बोट, वारंवार गिअर. स्टील घेऊ नका. तेवढ्याच पैशात अॅल्युमिनियमचे दोन चांगले पंखे घ्या, फेरे मोजून बहुधा ११ पिचचे. एक शाफ्टवर, एक बोटीत. धक्क्यावरून निघताना आणि गर्दीत हळू चालताना जास्त पकड हवी वाटली तर चार पात्यांचा अॅल्युमिनियमचाही विचार करता येतो; तो फेरे थोडे कमी करतो, म्हणून पिच ठरवताना ते धरा.

घेताना मापाबरोबर शेवटचं अक्षरही पाहा. काही कंपन्या व्यास आणि पिचनंतर एक अक्षर छापतात, ते कुठल्या गिअर केसला बसतो ते सांगतं. आतले दाते जुळले तरी बोसची लांबी किंवा आतला थ्रस्ट वॉशर (पंखा आणि गिअरचं कवच यांच्यामधली चकती) वेगळा असू शकतो, आणि स्वस्त नकलेत रबर इतकं ढिलं बसवलेलं असतं की ते दुसऱ्या महिन्यात सरकायला लागतं. रबर सरकलं की मूठ दिल्यावर इंजिन ओरडतं पण बोट पुढे जात नाही. नवा पंखा आल्या आल्या आतली नळी आणि बाहेरचा बोस यांच्यावरून पक्क्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. कुठेही काही लागलं की ती रेघ पाहा. तुटलेली दिसली तर रबर सरकलंय. अशा वेळी मूठ अगदी थोडी ठेवून सावकाश किनाऱ्यापर्यंत येता येतं.

चढवताना शाफ्टच्या दात्यांना खाऱ्या पाण्याचं ग्रीस भरपूर लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघणार नाही. थ्रस्ट वॉशर आधी, योग्य तोंडाने. तो विसरला तर बोस गिअरच्या कवचावर घासतो. नट घट्ट करताना पाती आणि कवचाच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा, हाताने पातं धरू नका. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची) दरवेळी नवी. पंखा उतरवलेलाच आहे तर शाफ्टला तंगूस (जाळ्याची नायलॉनची दोरी) गुंडाळलंय का तेही पाहा. तरंगणारं तुटकं जाळं ओढलं गेलं की ते पंख्यामागे जाऊन सील कापतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सील शंकास्पद वाटलं तर खालचा स्क्रू थोडा सैल करून ऑइलचे दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर बोट पाण्यात नेऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या भागात रोजची आहे. किल्ल्याजवळ आणि तारकर्लीच्या बाजूला स्नॉर्केलिंग, स्कुबाची माणसं पाण्यात असतात. पंखा कुठल्याही धातूचा असो, माणूस चढत-उतरत असताना इंजिन न्यूट्रलला ठेवणं पुरेसं नाही, बंद करायचं. सेफ्टीची दोरी तुमच्या मनगटाला हवी, मुठीवर लटकवलेली नको.

आकडे घेतलेत की इथेच लिहा: इंजिनचं मॉडेल, भरलेल्या बोटीचे फेरे, दोन्ही दिशांचा वेग, आणि दोन्ही पंख्यांचे पात्यांच्या कडा दिसतील असे फोटो. त्यावरून ११ की १० ते नक्की सांगता येईल. नवा पंखा लागला की पहिल्या फेरीनंतर नट एकदा पुन्हा तपासा, पिन वाकवलेली आहे ना तेही बघा.